सहा दहाची गाडी लिहिणाऱ्या बाई

साळुंकेबाईंचं दुसरं पुस्तक मी टाइप करत होतो तेव्हाच मनात कुठंतरी पाल चुकचुकली होती. पण मी काही बोललो नाही. बाईंपुढं बोलायची सवय कुणालाच नव्हती.

माझं डीटीपीचं दुकान तेव्हा औरंगपुऱ्यात होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि उरलेल्या जागेत लग्नपत्रिकांचे नमुने. बाई पहिल्यांदा आल्या त्या जून महिन्यात, शाळा सुटल्यावर. मुलींच्या एका शाळेत त्या आठवी ते दहावीला मराठी शिकवत. उंच, काळ्यासावळ्या, काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, तोंडात कायम एक लवंग. त्यांनी टेबलावर एक गठ्ठा ठेवला. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी राहिलेली पानं दोऱ्यानं शिवलेली, आणि त्यावर बारीक अक्षरात आख्खी कादंबरी.

"छापायचंय," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या एका प्रकाशकाकडं दिलं होतं. त्याला शेवट बदलून पायजे. मी म्हणलं, शेवट माझा नाय, त्या पोरीचा आहे. मी कशी बदलू?"

त्या कादंबरीचं नाव 'काठ'. दोन मैत्रिणी, त्यातली एक तळ्यात बुडते, दुसरी काठावर असते आणि तिला पोहता येत नसतं. शेवटी ती दुसरी मुलगी घरी जाते आणि आईला सांगते, मी बघत उभी होते. बस्स. प्रकाशकाला हवं होतं की तिनं पुढं पोहायला शिकावं आणि कुणाला तरी वाचवावं.

ते शेवटचं पान टाइप करताना मला राहवलं नाही. मी आपलं एक वाक्य घातलं. 'आईनं तिला जवळ घेतलं.' चार शब्द. बाई प्रूफ मोठ्यानं वाचत, एकेक ओळ, बोट ठेवून. त्या वाक्यापाशी बोट थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

मी कीबोर्डकडं पाहिलं.

"सतीश, आईनं जवळ घेतलं का नाय, हे वाचणारीनं रात्रभर स्वतःला विचारायचं आहे. तू कशाला उत्तर देऊन ठेवलंस?"

वाक्य काढलं. त्यानंतर मी त्यांच्या मजकुरात कधी ढवळाढवळ केली नाही. पुढं एकदा करायला हवी होती.

बाईंची लिहायची एक पद्धत होती. नवं प्रकरण झालं की मधल्या सुट्टीत त्या वर्गात जात. मुली डबे उघडून बसलेल्या असत. बाई काही न सांगता वाचायला लागत. ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांचं लक्ष डब्यांवर असे. कुणाचा घास हातात तसाच राहिला, कोणत्या वाक्याला राहिला, ते समासात पेन्सिलीनं लिहून ठेवत. "जिचा घास थांबला, तिच्यासाठी लिहायचं," त्या म्हणत. "ज्या हसतात, टाळ्या देतात, त्यांना पुस्तकाची गरज नाय. त्या कशाही मोठ्या होतात."

'बालसाहित्य' हा शब्द त्यांना सहन होत नसे. एकदा शहरात लेखकांचा एक मेळावा होता, मला त्यांनी पुस्तकांची पिशवी धरायला सोबत नेलं. व्यासपीठावरच्या एका ज्येष्ठ लेखकांनी सांगितलं की मुलांच्या पुस्तकातून संस्कार झाले पाहिजेत, अंधार दाखवू नये, वाचून झाल्यावर मन प्रसन्न व्हावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई मागच्या रांगेतून उठल्या.

"सर, माझ्या वर्गात चाळीस पोरी आहेत. दिवाळीनंतर छत्तीसच येतात. चार जणींची लग्नं होतात. तुमच्या पुस्तकात पोपट आहे, ससा आहे, प्रामाणिक लाकूडतोड्या आहे. त्या चौघी कुठं आहेत?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. सरांनी हसून सांगितलं की हे प्रश्न समाजाचे आहेत, साहित्याचे नाहीत. जेवणाच्या पंगतीत बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "चौदा वर्षांची पोर म्हंजे उंबऱ्यात उभं असलेलं माणूस. आतलं दिसतं, बाहेरचंबी दिसतं. आणि हे लोक तिला सशाची गोष्ट सांगतेत."

दुसऱ्या पुस्तकाची ठिणगी बहुधा तिथंच पडली. पुस्तकाचं नाव 'सहा दहाची गाडी'. मंगल नावाची चौदा वर्षांची मुलगी, कन्नडकडच्या एका खेड्यातली. लग्न ठरलेलं. ती पहाटे उठते, निळ्या पिशवीत दोन कपडे आणि मार्कशीट घालते, फाट्यावर येते, सहा दहाची एसटी पकडते आणि शहरात तिच्या जुन्या बाईंकडं जाते. बाई दार उघडतात. तिथं पुस्तक संपतं.

बाई स्वतः देवगाव रंगारीच्या. शेतकरी घर, पाच भावंडांत शिकलेली एकटी. तो सगळा रस्ता त्यांच्या पायाखालचा. पण आठवणीवर त्यांचा विश्वास नव्हता. एका रविवारी मला घेऊन त्या मध्यवर्ती बसस्थानकावर गेल्या. कन्नडची गाडी कुठल्या फलाटाला लागते, उतरल्यावर उजवीकडं वळायचं का डावीकडं, हे वहीत लिहिलं. मग तिथून पदमपुऱ्यातल्या त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत आम्ही चालत गेलो. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, मग हिरव्या फाटकाचं घर, मग तिसरी गल्ली.

"बाई, एवढं खरं कशाला?" मी विचारलं.

"पोरं खोटं लगेच पकडतेत. एक फलाट चुकला की सगळं पुस्तक खोटं."

शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता छापायला दिला. खाली एकच ओळ: 'वाचून झाल्यावर मला पत्र लिहा.' पहिल्या पुस्तकातही ती होती. पण या पुस्तकात मंगल ज्या घराशी पोचते ते घर, आणि शेवटच्या पानावरचा पत्ता, दोन्ही एकच होते. पाल चुकचुकली ती तेव्हा. मी एवढंच म्हणालो, "निदान शाळेचा पत्ता द्या."

"शाळेत पत्रं फोडतेत," त्या म्हणाल्या. विषय संपला.

पाचशे प्रती काढल्या. विकायला त्या दुकानांत गेल्याच नाहीत. पिशवीत घालून सुट्टीच्या दिवशी, कधी रजा काढून, कन्नड, वैजापूर, गंगापूर, खुलताबाद, जिथं शाळा असेल तिथं. एक प्रकरण वाचायचं, दोन प्रती ग्रंथालयाला द्यायच्या आणि पुढची गाडी पकडायची. पत्रं यायला लागली. प्रत्येकाला त्या पोस्टकार्डानं उत्तर देत.

एक दिवस त्या अगदी खुशीत दुकानात आल्या. हातात आंतरदेशीय पत्र.

"हे बघ. सविता नावाची पोरगी आहे, नववीत. काय लिहिती बघ."

अक्षर गोल, काळजीपूर्वक काढलेलं. 'बाई, तुमचे पुस्तक तीन वेळा वाचले. पण एक चूक आहे. सहा दहाची गाडी आमच्या फाट्यावर सहा पंचवीसला येते. कधीकधी साडेसहा. मी पाच दिवस पाहिले.'

"म्हणलं होतं ना, लगेच पकडतेत!" बाई हसत होत्या. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

मीही हसलो. नववीतली मुलगी सकाळी सव्वासहाला पाच दिवस फाट्यावर कशाला उभी राहते, हे आम्हां दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाईंनी तिला उत्तर लिहिलं: चूक दाखवल्याबद्दल आभार, तू चांगली वाचक आहेस.

त्यानंतर महिन्याभरानं, एका सोमवारी दुपारी, एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, धोतर, पांढरी टोपी, पायात धूळ. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. त्यानं 'सहा दहाची गाडी' माझ्या टेबलावर ठेवलं. पानं मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले.

"हे तुम्ही छापलं का?"

"व्हय," मी म्हणालो. मागच्या पानावर दुकानाचं नाव होतंच.

"माझी पोरगी ह्या पुस्तकातनं गेली."

मला आधी कळलंच नाही. तो खुर्चीवर बसला. मग सावकाश, एकेक शब्द तोलून बोलला. "रोज हेच वाचायची. मास्तरनं नाव वाचून दाखवलं, सहा दहाची गाडी, अन् मागं तुमच्या दुकानाचं. सकाळी उठलो तर सविता नाय. फाट्यावरचा चहावाला म्हणला, साडेसहाला बसली. मला वाचता येत नाय. तुम्ही वाचा. गाडीतनं उतरल्यावर ती कुठं जाती?"

मी पुस्तक हातात घेतलं. त्यानं मुलीचं लग्न ठरवलं असणार, हे कळत होतं. तिला शोधून तो परत नेणार, हेही कळत होतं. आणि ती दिवसभर कुठं असेल, कुणाच्या हाताला लागली असेल, हेही डोळ्यांपुढून जात नव्हतं. बाप समोर बसला होता. हात मांडीवर, नजर माझ्या हातातल्या पुस्तकावर.

मी वाचलं. फलाट, उजवं वळण, पिठाची गिरणी, हिरवं फाटक, तिसरी गल्ली. तो ओठ हलवत पाठ करत होता. पुस्तक संपलं तसं त्यानं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी पत्ता वाचला.

दुकान बंद करून मी त्याच्यासोबत पदमपुऱ्यात गेलो. बाईंच्या दाराला कुलूप. मग मला आठवलं, त्या खुलताबादच्या एका शाळेत गेल्या होत्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं. शेजारच्या हमीदाखाला ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बाई नै हैं. सुबू एक छोकरी भी आको गई. नीली थैली थी. मैं बोली, बाई शाम कू आते, मेरे घर में बैठ. नक्को बोली. बहुत देर खड़ी रही, दरवाज़े कू देखते. फिर चली गई."

"किधर?"

"स्टँड के तरफ."

सविताचा बाप बाईंच्या पायरीवर बसला. मी स्टँडवर जाऊन शोधून आलो, चौकीत कळवून आलो. तो तिथंच बसलेला. संध्याकाळी बाई गल्लीत शिरल्या, खांद्याला रिकामी पिशवी, चेहरा दमलेला पण समाधानी. त्या माणसाला त्यांनी ओळखलं नाही. त्याच्या हातातलं पुस्तक मात्र ओळखलं. मी सांगितलं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि बराच वेळ तो काढला नाही.

सविता तिसऱ्या दिवशी जालन्याच्या स्टँडवर सापडली. तिकडं तिची मावशी होती, पण मावशीनं घर बदललं होतं. चौकशीच्या खिडकीतल्या एका बाईला ती बाकावर दिसली आणि तिनं पोलिसांना बोलावलं. मधले दोन दिवस ती कुठं होती, काय खाल्लं, कुणी काही बोललं का, हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. निळी पिशवी तिच्याजवळ नव्हती. मार्कशीटही गेली होती.

गावी परत नेताना बापानं वाट वाकडी करून तिला बाईंच्या दारात आणलं. मी तेव्हा तिथंच होतो. लहानखुरी मुलगी, वेणी विस्कटलेली, डोळे कोरडे.

"बघ, हीच ती बाई," बाप म्हणाला. "काय विचारायचं ते विचार."

सवितानं वर पाहिलं. "बाई, तुम्ही कुठं गेल्या होत्या?"

"खुलताबादला. शाळेत."

"कशाला?"

"पुस्तक वाचून दाखवायला."

"कोणतं?"

बाईंनी मान खाली घातली. मुलीला ते कळलं असावं. ती बापाच्या मागं निघून गेली. कोपऱ्यावर वळेपर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही.

बाई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुलीचं वय पंधराही नव्हतं. शाळेतून जन्मतारखेचा दाखला काढायला त्यांना आठवडा लागला, अर्ज लिहून त्या पोलिसांकडं गेल्या. तिथल्या फौजदारानं नीट ऐकून घेतलं, गाडी दिली, सोबत एक शिपाई दिला. लग्न गुरुवारी, असं कळलं होतं. आम्ही गुरुवारी सकाळी गावात पोचलो.

मांडव उभा होता. खाली कुणीच नव्हतं. पाण्याचे रांजण भरलेले, पत्रावळी एका कोपऱ्यात वाऱ्यानं गोळा झालेल्या, स्पीकरची वायर लोंबत होती. घराला कडी. गावात माणसं होती, पण प्रत्येक जण दारातून आत सरकत होता. शेवटी एका म्हातारीनं भिंतीआडून सांगितलं, "लगीन काल लागलं. दुसऱ्या गावात. कोणत्या, ते नाय माहीत."

बाई मांडवाच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांना तसं उभं मी पुढं कितीतरी वेळा स्वप्नात पाहिलं आहे. परतीच्या वाटेवर त्यांनी एकच विचारलं, "सतीश, किती प्रती बाहेर आहेत?"

"चारशे तरी."

शहरात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मेळाव्यातल्या लोकांनी 'आम्ही म्हणतच होतो' असं म्हटलं. शाळांनी बोलावणं बंद केलं. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. रजा काढून त्या पुन्हा त्याच शाळांतून फिरल्या, या वेळी दिलेली पुस्तकं परत मागायला. ग्रंथपाल कपाट उघडत, वही बघत. पुस्तक जागेवर नसे. कुणाच्या नावावरही नसे. कन्नडच्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणाले, "बाई, तुमचं पुस्तक इथं कधी परत येतच नाय. पोरी एकमेकींत फिरवतेत. ह्या गावातनं त्या गावात जातं." चार महिन्यांत त्यांच्या हाती नऊ प्रती आल्या.

मी विचारलं, पुढच्या आवृत्तीत शेवट बदलायचा का. मंगल घरीच थांबते, बापाशी बोलते, असं काही. त्या इतक्या थंड नजरेनं माझ्याकडं बघत राहिल्या की मी नजर खाली घातली.

"मंगलचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या.

सविताचं सासर कळायला दीड वर्ष गेलं. घाटाखालचं एक गाव. बाई जाणार म्हणाल्या तेव्हा मी सोबत गेलो. सासूनं ओसरीत बसवलं, चहा दिला, आणि आपणही तिथंच बसली. सविता आतून आली, डोक्यावर पदर, कडेवर दोन-तीन महिन्यांचं मूल. अंगानं अर्धी झाली होती. बाईंना तिनं वाकून नमस्कार केला.

बोलायला काही नव्हतं. सासू होती. बाईंनी मुलाचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. बाईंनी विचारलं, वाचतेस का काही? सासूच उत्तरली, "वाचायला वेळ कुठं असतो."

आम्ही उठलो तेव्हा सविता दारापर्यंत आली. सासू कपबशा उचलत होती. तेवढ्या अवधीत ती घाईनं, ओठ न हलवल्यासारखं बोलली. "बाई, तिसरं पुस्तक झालं?"

"नाय."

"मग लिहा. पण बाई घरी पायजेत त्यात. खरोखर घरी."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागं घेतला. आतून सासूची हाक आली.

तिसरं पुस्तक बाईंनी लिहिलं नाही. कोऱ्या पानांचा गठ्ठा शिवून ठेवलेला मी त्यांच्या टेबलावर पाहिला होता, त्यावर एक अक्षर नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं होती तरी त्यांनी नोकरी सोडली. सकाळच्या सत्रात बदलून घ्या, असं मुख्याध्यापिकेनं सुचवलं होतं म्हणे. त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. सुट्टीत देवगावलाही जाईनात. भावाच्या मुलीच्या लग्नाला गेल्या नाहीत, भाऊ वर्षभर बोलला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुकान चिकलठाण्याला हलवलं त्या वर्षी. नव्या जागेत सकाळी साडेनऊला पूजा ठेवली होती, त्याचं आमंत्रण द्यायला मी सकाळीच पदमपुऱ्यात गेलो. शहर बदललं होतं. गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान, हिरव्या फाटकाच्या घराची तीन मजली इमारत. बाईंचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत, अगदी कडेला, त्या लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. शेजारच्या स्टुलावर झाकलेलं ताट आणि पाण्याचा तांब्या.

"या की बाई, तासाभराचं काम आहे," मी म्हणालो. "रिक्षा मी पाठवतो."

"सकाळच्या गाड्या यायच्या असतेत. दहाच्या आत मला घर सोडता येत नाय, सतीश."

"आता बारा-तेरा वर्षं झाली. कोण वाचतंय ते?"

"चारशे प्रती आहेत," त्या म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात एक पोर आली होती. वैजापूरकडची." एवढंच. तिचं पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ज्या तऱ्हेनं त्यांनी नजर बाजूला वळवली, त्यावरून विचारू नये हे कळत होतं.

मी पायरीवर उभा होतो, पत्रिका हातात धरून, अजून काहीतरी बोलावं म्हणून. शाळेची वेळ झाली होती. गल्लीतून मुलींचे घोळके येत होते. बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून, कमरेजवळून, त्या मान वाकडी करून पलीकडं पाहत होत्या.

"जरा सरक," त्या म्हणाल्या. "कोण येतंय ते दिसंना."

मी सरकलो. एकेक मुलगी समोरून गेली. बाईंनी प्रत्येकीचा चेहरा ती पुढं जाईपर्यंत पाहिला.